दुसऱ्यांदा शिळा झालेली बाई

१९४२ साली, जर्मन फौजांच्या ताब्यात असलेल्या पॅरिसमध्ये आल्बेर कामूचं एक छोटं पुस्तक छापून निघालं. त्याच्या केंद्रस्थानी एक पुरुष आणि एक धोंडा आहे. सिसिफस नावाच्या ग्रीक राजाला देवांनी शिक्षा दिली होती: धोंडा ढकलत डोंगरमाथ्यावर न्यायचा, तो गडगडत खाली आला की पुन्हा ढकलायचा, आणि हे अनंतकाळ. पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये, मद्रासच्या ‘कलैमगळ्’ मासिकात ‘शापविमोचनम्’ नावाची तमिळ कथा आली. तिच्याही केंद्रस्थानी दगड आहे. पण तिथे तो ढकलायला कुणी नाही, कारण तो दगड म्हणजेच एक बाई आहे. अहल्या.

दोन्ही लेखक महायुद्धाच्या सावलीत लिहीत होते. जपानी हल्ल्याच्या धास्तीनं एप्रिल १९४२ मध्ये मद्रास शहर निम्म्याहून अधिक रिकामं झालं होतं. कामूच्या त्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर १९५५ साली आलं, तेव्हा तमिळ लेखकानं त्याच्यावरून काही उचललं असण्याचा प्रश्नच येत नाही. एकाच काळात, दोन टोकांना, दोन पुराणकथा पुन्हा लिहिल्या गेल्या. माझ्या मते आधुनिक साहित्यातल्या असंगततेला बाई आणि पुरुष असे दोन चेहरे कसे आहेत, हे समजून घ्यायला या दोन दगडांइतकी चांगली जागा दुसरी नाही.

असंगत म्हणजे काय, हे आधी सरळ सांगतो. मराठीत हा शब्द आपल्याला मुख्यतः नाटकांमुळे माहीत झाला. नुसती गंमतीदार विसंगती किंवा वेडगळपणा असा त्याचा अर्थ नाही. माणूस जगाकडे अर्थ मागतो, न्याय मागतो, आणि जग गप्प राहतं. मागणं थांबत नाही आणि उत्तर येत नाही, या ओढाताणीला कामूनं असंगतता म्हटलं. काफ्काच्या कथेतला फिरता विक्रेता सकाळी उठतो तो किडा होऊन, आणि त्याला पहिली काळजी वाटते ती गाडी चुकल्याची. बेकेटची दोन माणसं झाडाखाली अशा कुणाची तरी वाट पाहतात, जो येतच नाही. या सगळ्यांत माणूस आहे, आकाश आहे आणि मधे शांतता आहे.

आता ‘माणूस’ या शब्दाकडे जरा बघा. राजा, विक्रेता, भटके, सगळे पुरुष. मार्टिन एसलिन यांनी १९६१ साली असंगत नाट्यावर जो गाजलेला ग्रंथ लिहिला, त्यात मुख्य प्रकरणं चार नाटककारांवर होती: बेकेट, अदामोव्ह, आयोनेस्को, जने. चौघेही पुरुष. त्याच वर्षी रंगमंचावर आलेल्या बेकेटच्या ‘हॅपी डेज’ या नाटकात मात्र एक बाई मध्यभागी आहे. विनी तिचं नाव. पहिल्या अंकात ती कंबरेपर्यंत मातीच्या ढिगाऱ्यात रुतलेली आहे, दुसऱ्या अंकात गळ्यापर्यंत. पहिल्या अंकात हात मोकळे आहेत तोवर ती पिशवीतून दात घासायचा ब्रश काढते, आरसा काढते आणि दिवस किती छान आहे असं म्हणत राहते. नवरा मागच्या बाजूला वर्तमानपत्र वाचतो. पुरुष वाट पाहतात तेव्हा निदान उठून दोन पावलं चालू तरी शकतात. बाईला तेवढीही मुभा बेकेटनं दिलेली नाही, आणि ते त्यानं विचारपूर्वक केलं असणार.

मद्रासमधल्या त्या लेखकाला हे अठरा वर्षं आधी दिसलं होतं.

त्याचं नाव च. विरुद्धाचलम्. लेखनासाठी त्यानं ‘पुदुमैप्पित्तन्’ हे नाव घेतलं, म्हणजे नव्याचं वेड लागलेला. तमिळमध्ये पित्तन् हे शंकराचंही एक नाव आहे, तेव्हा त्या नावात वेड आणि देव दोन्ही आले. जन्म १९०६ चा, पुढचं शिक्षण तिरुनेल्वेलीचं. १९३३ च्या सुमारास तो मद्रासला आला आणि ‘मणिक्कोडी’ या त्याच वर्षी सुरू झालेल्या नियतकालिकाभोवती जमलेल्या लेखकांत सामील झाला. मराठीत नवकथेला जे स्थान आहे, साधारण तेच तमिळमध्ये मणिक्कोडीच्या मंडळींना आहे, फक्त आपल्यापेक्षा दहाएक वर्षं आधी. पुढे तो ‘दिनमणि’ दैनिकात नोकरीला लागला, बातम्यांची भाषांतरं करत राहिला आणि उरलेल्या वेळात कथा लिहीत राहिला. पंधराएक वर्षांत सुमारे शंभर कथा. शेवटी सिनेमासाठी लिहायला लागला आणि ‘राजमुक्ति’ या तमिळ चित्रपटाच्या कामासाठी पुण्यात आला. तिथे क्षयानं त्याला गाठलं. १९४८ साली तिरुवनंतपुरमला तो गेला, तेव्हा वय ४२ होतं. तमिळ कथेचा हा सर्वांत मोठा लेखक आपल्या पुण्यात आजारी पडला, हे पुण्यातल्या किती वाचकांना ठाऊक असेल?

मद्रासचं असंगत रूप त्याच्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. १९४३ च्याच एका कथेत ब्रॉडवे आणि एस्प्लनेड जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर कंदसामी पिळ्ळै नावाचा गृहस्थ ट्रामनं जावं की पायी, अशा विचारात उभा आहे. तिथे साक्षात परमेश्वर प्रकटतो आणि तिरुवल्लिक्केणीचा रस्ता विचारतो. दोघं कॉफी प्यायला जातात. देवाला कॉफी अमृतासारखी लागते, तेव्हा पिळ्ळै त्याला चिकोरीच्या भेसळीची माहिती देतात. देव बिलासाठी शंभराची नोट काढतो. वर देण्याची ताकद असलेला देव मद्रासमध्ये पोट भरू शकत नाही. नाच करून पैसे मिळवायला जातो, तर कलेचे जाणकार त्याला हाकलून देतात. आकाशातला देव गप्प असतो म्हणून युरोप दुःखी होता. पुदुमैप्पित्तननं त्याला खाली आणून बोलायला लावलं, आणि तरीही कुणाचं काही सुटलं नाही.

ही कथा हसवते. पण या शहरात बाई आली की पुदुमैप्पित्तनचा सूर बदलतो. ‘पोन्नगरम्’ म्हणजे सोन्याची नगरी. १९३४ ची ही कथा तीन-चार पानांची आहे. गिरणी कामगारांची वस्ती, पाऊस, चिखल, नगरपालिकेचा एकच नळ. अम्माळू गिरणीत काम करते, नवरा मुरुगेसन घोडागाडी हाकतो. दारूच्या नशेत गाडी कोसळते आणि तो जायबंदी होऊन अंथरुणाला खिळतो. त्याला दुधातली पेज हवी आहे, घरात दमडी नाही. काळोखात पाणी आणायला गेलेली अम्माळू बोळाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या, तिच्यावर आधीपासून डोळा ठेवलेल्या माणसाबरोबर अंधारात जाते आणि पाऊण रुपया कमावते. बारा आणे. पतीला पेज पाजायची म्हणून पातिव्रत्य मोडायचं, आणि नवऱ्याला पेज पाजणं हाच तर पातिव्रत्याचा धडा. एक कर्तव्य पाळायचं तर तेच कर्तव्य मोडावं लागतं, अशी ही गाठ आहे.

मला इथे मोठा फरक दिसतो. सिसिफसला आकाशाकडून उत्तर मिळत नाही. अम्माळूला उत्तर स्पष्ट मिळालेलं आहे. समाजानं ते लहानपणापासून तिच्या कानात ओतलं आहे. पुरुषाची असंगतता शांततेतून येते, तर बाईची नियमातून. नियम दोन सांगायचे, ते एकमेकांशी भिडतील असे रचायचे, आणि मग ती चुकली म्हणून तिलाच धरायचं.

‘शापविमोचनम्’ मध्ये हीच गाठ पुराणात जाऊन बसते. रामायण पाठ असलेल्यांना ही कथा रुचणार नाही, याची कल्पना लेखक सुरुवातीलाच देऊन टाकतो. रस्त्याच्या कडेला एक स्त्रीची शिळा आहे. जवळच वारुळात बसलेला गौतम. दोन मुलं खेळत धावत येतात, धूळ उडते आणि शिळेत प्राण येतो. इथपर्यंत आपल्याला कथा माहीत आहे. आपल्याकडेही प्रातःस्मरणात पंचकन्यांमध्ये पहिलं नाव तिचंच येतं. रामाच्या पायधुळीनं अहल्या उद्धरली, कीर्तनकारानं टाळी घेतली, प्रसंग संपला.

पुदुमैप्पित्तननं विचारलेला प्रश्न असा, की दुसऱ्या दिवशी काय झालं? ती दोघं पुन्हा संसाराला लागली. तो तिला दोष देत नाही. आपणच घाईनं शाप दिला, हे तो जाणतो. पण आता तिच्याशी बोलताना तो प्रत्येक शब्द तपासतो, चुकून लागेल असं काही तोंडातून जायला नको म्हणून. तिचं तर सहज बोलणंच संपलेलं आहे. साध्या वाक्यालाही दुसरा अर्थ निघेल का, हे ती आधी मनात तोलते. समोरून येणारा प्रत्येक पुरुष तिला इंद्र वाटू शकतो. शाप सुटलेला असतो, पण त्या घरातली भीती जात नाही. ही सगळी पानं कमालीच्या हळुवारपणे लिहिलेली आहेत. एका जुन्या दुखण्यानंतर एका छपराखाली राहणाऱ्या नवरा-बायकोचं इतकं खरं चित्र मी फार थोड्या ठिकाणी वाचलं आहे.

त्यांना एकच आधार आहे, राम. त्यानं तिला दोषी मानलं नाही, तिच्या पायांना हात लावला. राम वनवासाला जातो, चौदा वर्षं सरतात, तो परत येतो आणि सीतेला घेऊन त्यांना भेटायला येतो. राम गौतमाशी बोलत बसतो. सीता अहल्येला आत वनातल्या गोष्टी सांगते, आणि सांगता सांगता, अगदी सहज, अग्निदिव्याचा उल्लेख करते.

अहल्या दचकते. रामानं तसं मागितलं? तू ते केलंस? सीता म्हणते, त्यांनी सांगितलं, मी केलं. लोकांना खात्री पटवायला नको का? इथे लेखक अहल्येच्या अंगात कण्णगीचा संताप उभा करतो. तिचा प्रश्न साधा आहे: अहल्येला एक न्याय आणि रामाला दुसरा? ज्यानं एका बाईला पुराव्याशिवाय निर्दोष मानलं, त्यानं स्वतःच्या बायकोकडे पुरावा का मागितला? आणि मनाला माहीत असलेलं सत्य जगाला सिद्ध करून दाखवता तरी येतं का? सीता निघून जाते. अहल्येच्या आयुष्याचा एकमेव आधार, ज्याच्या शब्दावर ती पुन्हा माणूस झाली, तो शब्दच पोकळ निघतो. नंतर गौतम, घरात मूल आलं तर हिच्या मनावरचं ओझं उतरेल, अशा मायेनं तिला जवळ घ्यायला जातो, आणि तिला त्याच्या रूपात इंद्र दिसतो. अहल्या पुन्हा शिळा होते. गौतम घर सोडून चालता होतो.

कामू सांगतो की सिसिफस सुखी आहे अशी कल्पना आपण केली पाहिजे. धोंडा त्याचा आहे, डोंगर त्याचा आहे, आणि देवांना तुच्छ लेखून तो पुन्हा खाली उतरतो, यात त्याचं स्वातंत्र्य आहे. अहल्येकडे तेवढी जागा नाही. तिची तुच्छता दाखवायची एकच रीत उरते, ती म्हणजे बाई असणंच थांबवणं. पहिल्यांदा ती दुसऱ्याच्या शापानं शिळा झाली. दुसऱ्यांदा कुणीही शाप दिलेला नाही. माझ्या दृष्टीनं हा तिचा पराभव आहे आणि तिचा एकमेव नकारही आहे. या दोन्हींतलं एक निवडण्याचा मोह वाचकानं टाळावा.

आता ती कण्णगी. तमिळ माणसाला वेगळं सांगावं लागत नाही, पण आपल्याला सांगायला हवं. ‘सिलप्पदिकारम्’ या प्राचीन महाकाव्याची ती नायिका. राणीचं पैंजण चोरल्याच्या खोट्या आरोपावरून तिच्या नवऱ्याला, कोवलनला, मदुरैच्या पांड्य राजानं मारलं. कण्णगी दुसरं पैंजण हातात घेऊन दरबारात आली आणि तिनं ते आपटून फोडलं. राणीच्या पैंजणात मोती होते. हिच्यातून माणकं उडाली. नवरा निर्दोष ठरला. मग तिनं आपला डावा स्तन उपटून फेकला आणि मदुरै जळालं.

या दोन पुराव्यांची तुलना करून पाहा. पुरुष निर्दोष आहे हे सिद्ध करायला पैंजण फोडावं लागतं. बाई निर्दोष आहे हे सिद्ध करायला ती स्वतः आगीत उतरते. पुदुमैप्पित्तननं अहल्येच्या तोंडी सीतेचा प्रश्न घालताना कण्णगीचं नाव घेतलं, ते उगीच नव्हे.

चेन्नईला गेलात तर मरीना किनाऱ्यावर कण्णगी भेटेल, हातात पैंजण घेऊन, रागानं उभी. १९६८ साली जागतिक तमिळ परिषदेच्या वेळी किनाऱ्यावर जे पुतळे उभे राहिले, त्यांतला हा एक. डिसेंबर २००१ मध्ये तो एकाएकी हलवण्यात आला. लॉरी धडकून चौथऱ्याचं नुकसान झालं, हे कारण दिलं गेलं. शहरात गदारोळ झाला. २००६ साली सरकार बदलल्यावर तो पुन्हा जागेवर आला. या साडेचार वर्षांतच आणखी एक गोष्ट घडली. २००२ साली कुट्टी रेवती या कवयित्रीचा ‘मुलैगळ्’ हा संग्रह आला. मुलैगळ् म्हणजे स्तन. तिच्यावर, आणि सल्मा, मालती मैत्री, सुकिर्तराणी या तिच्या बरोबरीच्या कवयित्रींवर अश्लीलतेचा आरोप झाला, धमक्या आल्या. स्वतःचा स्तन उपटून फेकणाऱ्या बाईचा पुतळा जागेवरून हलला म्हणून ज्या शहराचा अभिमान दुखावला, त्याच शहरात बाईनं स्वतःच्या स्तनांबद्दल स्वतः लिहिणं काहींना असह्य झालं. इथे कथा लिहायचीही गरज उरत नाही.

बाईचा चौथरा पुरुषाच्याही वाट्याला येऊ शकतो, त्याचं उदाहरण याच शहरात आहे. जुना लॉइड्स रोड आता अव्वै षण्मुगम् सालै म्हणून ओळखला जातो. टी. के. षण्मुगम् हे नट. अव्वैयार या वृद्ध कवयित्रीची भूमिका त्यांनी अशी केली की ‘अव्वै’ ही बाईची उपाधी त्यांच्या नावाला कायमची चिकटली आणि सन्मानाची ठरली. आपल्याला बालगंधर्व आठवतात. पण सगळ्यांना रस्ता मिळत नाही. सतीश आळेकरांच्या १९७९ च्या ‘बेगम बर्वे’ मध्ये नाटक कंपनीत किरकोळ स्त्रीभूमिका केलेला बर्वे आता उदबत्त्या विकतो आणि श्यामरावाच्या मुठीत राहतो. जावडेकर या कारकुनाच्या स्वप्नात तो नलावडेबाई होतो, लग्न होतं, दिवस जातात, आणि स्वप्न फाटतं तेव्हा पुन्हा तोच श्यामराव समोर असतो. मराठी असंगत नाटकाचं शिखर मला इथे दिसतं, कारण असंगतता इथे देहाच्या आणि वेषाच्या आत शिरलेली आहे. बर्वे नाट्यपदांच्या आधारानं बाई होतो. नियम त्याच्याही मानेवर आहेत, फक्त दुसऱ्या बाजूनं.

या सगळ्या कथा-नाटकांत बाईचं दुःख पुरुषांनी लिहिलेलं आहे, आणि हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. ‘अंबै’ या नावानं लिहिणाऱ्या सी. एस. लक्ष्मी यांनी ते बाईच्या हातात घेतलं. त्या मुंबईत राहतात, तमिळमध्ये लिहितात. २०२१ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्या ‘अणिल्’, म्हणजे खार, या कथेत एक संशोधक बाई जुन्या ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर धुळीनं भरलेली बायकांची जुनी मासिकं वाचत बसते. सोबतीला एक खार. पानं तुटतात, डकवायला खळ मिळत नाही, आणि वाचता वाचता त्या काळच्या बायका जणू पानांतून बाहेर येऊन बोलू लागतात. शेवटी कळतं की ही जीर्ण पानं जाळून टाकायचं ठरलं आहे. व्हर्जिनिया वूल्फनं १९२९ साली लिहिलं होतं की बाई म्हणून आपल्याला ग्रंथालयाच्या दारातूनच परत पाठवलं गेलं. अंबैंची नायिका आत पोचते, पुस्तक हातात घेते, आणि तेच आगीला जाणार असतं. अग्निदिव्य इथे कागदांना करावं लागतं. कथेवर न थांबता अंबैंनी १९८८ मध्ये नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज यांच्यासह मुंबईत ‘स्पॅरो’ हे स्त्रियांच्या कागदपत्रांचं, आठवणींचं, छायाचित्रांचं संग्रहालय सुरू केलं. जळायला निघालेली पानं ठेवायला त्यांनी खरीखुरी खोली बांधली.

पुदुमैप्पित्तनची बायको कमला बराच काळ तिरुवनंतपुरमला माहेरी राहिली आणि तो मद्रासमध्ये एकटा. त्यानं तिला लिहिलेली पत्रं पुढे पुस्तकरूपानं आली. त्यांत पैशांची ओढाताण आहे, आजार आहे, लवकरच इकडे आणीन अशी आश्वासनं आहेत. अहल्या आणि गौतमामधला तो तोलून मापून बोलण्याचा ताण ज्यानं लिहिला, त्याचा स्वतःचा संसार असा पत्रांतून चालला. कमलाही कथा लिहायच्या. त्यांच्या कथा आज फार कमी लोक वाचतात.

‘शापविमोचनम्’ तासाभरात वाचून होते. लक्ष्मी होल्मस्ट्रॉम यांनी केलेलं तिचं इंग्रजी भाषांतर आहे. तमिळ जाणणाऱ्या कुणी मराठी माणसानं ती थेट तमिळमधून मराठीत आणावी, आणि ज्या घरांत सकाळी पंचकन्यांची नावं घेतली जातात त्या घरांत ती एकदा मोठ्यानं वाचली जावी, एवढं माझं मागणं आहे.